टॉवेलाखालचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शीलाला नाही — शीला म्हणजे माझी बायको, जिच्यापासून मी साधी पगाराची स्लिप कधी लपवली नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू — मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित एवढ्यासाठीच.

लोक मला एकच गोष्ट विचारतात. अजूनही. पेट्रोल पंपावर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. ‘ते पोकरचे चॅम्पियन तुम्हीच ना? मग पुढं काय झालं हो?’ विचारताना आवाज काळजीचा असतो, पण डोळे चमकत असतात. त्यांना ऐकायचं असतं की सगळं उधळलं. आता उधळलं हे खरंच आहे, मी कशाला नाही म्हणू? मोठी गाडी घेतली, ती गेली. एमआयडीसीतली नोकरी रुबाबात सोडली, दोन वर्षांनी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्यात कमी पगारावर चिकटलो. मिरजगावच्या एका मेव्हण्याबरोबर हायवेला हॉटेल टाकलं. ते त्यानं चालवलं, त्यानंच बुडवलं, मी फक्त फीत कापायला गेलो होतो. मी हसून म्हणतो, ‘आलं तसं गेलं, साहेब.’ लोक खूश होतात. मग मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारतात.

पण त्या पैशाचं काय घेऊन बसलात? पैसा जातो, त्याचं दुःख चार दिवसांचं. चॅम्पियनचं पुढं काय होतं ते मी सांगतो. तो दुपारी साडेचारला सावेडीतल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. शेजारी दुसरी खुर्ची असते, तिच्यावर कुणी नसतं. आणि हा माणूस आपला डावा हात मांडीवर उताणा ठेवून बसतो. बायको विचारते, हात दुखतोय का? तो म्हणतो, नाही गं, असंच.

ती दुसरी खुर्ची शांतवनमामांची. आईचे धाकटे भाऊ. सोनईला राहायचे. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं; तेव्हा मामांचं जे काही होतं तो मी. मामांचा धंदा जनावरांच्या दलालीचा. घोडेगावच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं बैल-म्हशींचे सौदे केले. तो सौदा कसा व्हायचा माहीत आहे ना? तोंडानं आकडा बोलायचा नाही. दोघांनी हातात हात द्यायचा, वर टॉवेल टाकायचा, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच कळतं. मामा म्हणायचे, माणूस तोंडानं खोटं बोलतो, डोळ्यानं बोलतो, पण बोटाला खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं. किती दाबलं यापेक्षा दाबायला किती वेळ लावला हे बघायचं.

टेम्पोतून उतरताना ते पडले आणि खुबा मोडला. नगरला ऑपरेशन झालं आणि मी त्यांना थेट माझ्याकडं आणलं. ते वर्षभर राहिले. ते वर्ष — पण थांबा, आधी खेळाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रमी आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येते, पोकर फार थोड्यांना. दोन पानं तुमच्या हातात, बाकीची मधे उघडी, सगळ्यांना दिसणारी. पान कुणाचं भारी यापेक्षा समोरच्याला तुमचं पान भारी वाटतंय का, यावर सगळा खेळ. हातात काहीही पान नसलं तरी जवळचे सगळे पैसे डावात पुढं ढकलून समोरच्याला भिववून पळवता येतं. मी फोनवर खेळायचो. चांगला खेळायचो का? छे. पानं मला कळायची, माणूस कळायचा नाही. कुणी जोरात ढकललं की मी आपला पळायचो.

फर्स्ट शिफ्ट करून मी साडेतीनला घरी यायचो. चहा व्हायचा, आणि मामा वॉकर सरकवत बाल्कनीत यायचे. पहिले आठ दिवस नुसते बघत बसले. नवव्या दिवशी म्हणाले, ह्यो तर आमचाच बाजार हाय की रं. मी हसलो. मामा हसले नाहीत. ते स्क्रीनकडं बघून पुटपुटत मोजायला लागले — समोरचा माणूस किती वेळ लावतो, पान असताना किती, नसताना किती. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्यांना. पण तासाभरात त्यांनी तीन माणसं ओळखली. हा घाबरट, हा हावरा, आणि हा — ‘याच्या दावणीला बैल न्हाई, नुसता कासरा हलवतोय.’ मी त्यांच्या सांगण्यावरून पुढं गेलो. खरंच, त्याच्या हातात काही नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. उजव्या हातात माझा फोन, डावा हात मामांच्या हातात, वर मामांचा तो निळ्या काठाचा टॉवेल. तोंडानं सांगितलं तरी चाललं असतं, घरात होतं कोण? पण मामांना त्याशिवाय सुचायचं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाही नाही. आमच्या खुणा दोनच. मामांनी माझी करंगळी दाबली तर समोरचा खोटं बोलतोय. पंजा आवळला तर खरं बोलतोय, निमूट सोडून दे. बस्. खरखरीत हात होता, दोर ओढून ओढून गठ्ठे पडलेला. शीला चहाचे कप न्यायला आली की म्हणायची, बघा, मामा-भाचे जत्रेत हरवतील म्हणून हात धरून बसलेत. तिला तो नुसता लाड वाटायचा. आम्ही तिघंही हसायचो.

माझे वडील मला कधी हात धरून कुठं घेऊन गेल्याचं मला आठवत नाही. चाळिशीला आलेल्या माणसाला त्याचं काय एवढं, म्हणाल. असेल. पण मी त्या साडेचारची दिवसभर मशीनवर उभा राहून वाट बघायचो. आजही वाजले की कळतं.

ती मोठी स्पर्धा रविवारी दुपारी होती. हजारो माणसं, देशभरातली. आम्ही चर्चवरून आलो, जेवलो, शीला महिला मंडळाच्या मीटिंगला गेली, आणि आम्ही टॉवेल टाकून बसलो. पाच वाजेपर्यंत माणसं गळत गळत दोघंच उरली. मी आणि एक कुणीतरी — कुठला, कोण, देव जाणे; नावाच्या जागी सिंहाचं चित्र होतं. माझ्याकडं नऊची जोडी. मधे एक्का, राजा, राणी पडलेले. आणि सिंहानं होतं नव्हतं ते सगळं पुढं ढकललं. त्यातलं एखादं पान जरी त्याच्या हातात असलं तरी मी संपलो. तीस सेकंदांचं घड्याळ उलटं चाललं होतं. माझा अंगठा सोडायच्या बटणावर गेला होता — हे लक्षात ठेवा, सोडायच्या बटणावर — आणि मामांनी माझी करंगळी दाबली. अशी की पेर कडकन वाजलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, ‘माल असताना अकरा मोजस्तोवर थांबतो त्यो. आत्ता सहालाच टाकलं. धर त्याला.’

मी धरलं. त्याच्याकडं पाच आणि सहा होते. काही म्हणजे काहीच नाही.

त्या दुपारी मी रडलो, मामाही रडले. मामांनी टॉवेलानं आधी माझं तोंड पुसलं, मग त्यांचं. शीला आली तर आम्ही दोघं तसेच बसलेलो. इथवर सगळं चांगलं आहे. मला इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मंगळवारी खेळाच्या कंपनीतून फोन आला. शुक्रवारी शूटिंगला माणसं येणार, चॅम्पियनच्या घरी, मुलाखत. आणि बोलता बोलता ती मुलगी सहज म्हणाली की नियम तुम्हाला माहीतच आहेत, एका खात्यावर एकच माणूस, दुसऱ्याची मदत घेतली असली तर विजय रद्द. मामांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कॅमेरा बघितला की ते बाजारातल्यासारखे सगळं रंगवून सांगणार. आणि त्यात गुन्हा काय होता त्यांच्या लेखी? काहीच नाही.

बुधवारी मी मामांना म्हणालो, फ्लॅटला रंग द्यायचाय. वास तुम्हाला सोसायचा नाही. चार दिवस सोनईला जाऊन या, मी न्यायला येतो. मामा लगेच उठले. पिशवी भरली. टॉवेल मात्र खुर्चीच्या पाठीवरच ठेवला. मी म्हणालो, घ्या की. तर म्हणाले, ‘राहू दे हितंच. परत यायचंच हाय.’

रंग द्यायचा नव्हता, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. शीलाला म्हटलं, मामांना गावाची ओढ लागलीय.

आता तुम्ही म्हणाल, नियमाच्या भीतीनं केलं, माणूस करतो. मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगितलं. पण शुक्रवारी काय झालं ते ऐका. कॅमेरा लागला, दिवे लागले, शीला दारात उभी होती तिची नवी साडी नेसून. त्या मुलीनं विचारलं, शेवटच्या डावात समोरचा खोटं खेळतोय हे तुम्हाला कळलं कसं? अंदाज होता म्हणालो असतो, नशीब म्हणालो असतो, तरी काही उघडं पडलं नसतं. मी म्हणालो, ‘गणित.’ डिप्लोमाला गणितात दोनदा नापास झालेला मी! आणि वर दहा मिनिटं बोललो. समोरच्याचा वेळ मी मोजत होतो म्हणालो. अकरा आणि सहाचा हिशोब सांगितला — मामांचा, जसाच्या तसा. शीला माझ्याकडं बघत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तसं तिनं कधी बघितलं नव्हतं. मला हुशार व्हायचं होतं हो. एवढंच होतं ते. जन्मभर कुणी म्हटलं नव्हतं.

चार दिवसांनी मामांचा फोन आला. रंग वाळला का रे? म्हटलं, अजून वास आहे. आठवड्यानं परत. रंग वाळला का? म्हटलं, माणसं अर्धवट टाकून गेलीत. मग माझे सत्कार सुरू झाले, चौकात फ्लेक्स लागला, पोरं शिकायला यायला लागली, अकरा-सहाचं गणित मी त्यांना फळ्यावर समजावून सांगायला लागलो. आता मामांना आणायचं कसं? पोरं बाल्कनीत बसायची. चार दिवसांचे चार महिने झाले. मामा बिचारे दर रविवारी तेच विचारायचे, आणि मी दर रविवारी काहीतरी सांगायचो. एकदा तर म्हणालो, रंग पसंत पडला नाही, परत काढायचाय.

मग कापणीचा सण आला. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी लोक आपापल्या घरचं काहीबाही आणतात, भोपळा, बाजरी, अंडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. ज्याचं भलं झालं असेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची — देवानं माझ्यासाठी काय केलं, कुणाच्या हातून केलं. पाळकसाहेबांनी मला उभं केलं. पत्ते म्हणायचे नाहीत असं आमचं आधीच ठरलं होतं. ‘बुद्धीची ऑनलाइन स्पर्धा’ म्हणायचं. मी उभा राहिलो आणि बघतो तर दुसऱ्या बाकावर मामा. पांढरंशुभ्र धोतर, काठी, आणि मांडीवर पाय बांधलेला गावरान कोंबडा, लिलावासाठी. न सांगता आले होते. वडापच्या जीपनं, तो तसला पाय घेऊन.

मी देवाचं नाव घेतलं. आईचं घेतलं, ती वारून वीस वर्षं झाली होती. शीलाचं घेतलं. शाळेतल्या एका मास्तरांचं घेतलं, ज्यांनी मला फक्त मारलं होतं. मामा मान जराशी पुढं काढून ऐकत होते, माणूस आपलं नाव येणार असलं की ऐकतो तसे. मी खाली बसलो. आमच्या लोकांना नाकारणं आणि कोंबडा एकत्र आले की शास्त्रातली एक जुनी गोष्ट आठवते, शिष्यानं आपल्या गुरूला तीनदा ‘ओळखत नाही’ म्हटलं आणि कोंबडा आरवला ती, म्हणून सांगतो — कोंबडा आरवला नाही. गप पडून होता.

बाहेर मांडवात लिलाव चालला होता. एक रिटायर्ड हेडमास्तर मामांच्या खांद्यावर हात ठेवून थट्टेनं म्हणाले, काय शांतवनराव, भाच्याला तुम्हीच शिकवलं की काय? मामांनी माझ्याकडं बघितलं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मी त्यांना घराबाहेर काढलं, तो माणूस गप्प राहिला आणि उत्तर माझ्यावर सोडलं. आणि मी — आठ-दहा माणसं उभी होती — मी म्हणालो, ‘मामांना यातलं काय कळतंय? त्यांना बैलाचे दात तेवढे कळतात.’

सगळे हसले. मामाही हसले.

मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. घरी चला म्हणालो नाही. चढायच्या आधी त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, सवयीनं खांद्यावर टॉवेल चाचपला, तो तर माझ्या घरी होता. मग धोतराचा सोगा ओढून त्या हातांवर टाकला आणि माझी करंगळी दाबली. जोरात नाही. हलकेच. म्हणाले, ‘रंग वाळला असंल आता.’ आणि जीपमध्ये बसले.

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

मी हरायला लागलो होतो, ते वेगळं सांगायला नको. लोक म्हणायचे नशीब फिरलं. एका दुपारी तर — लाज वाटते सांगायला, पण आता कसली लाज — डाव मधे असताना मी मामांनाच फोन लावला. मांडवातल्या त्या गोष्टीनंतर पहिला फोन, आणि तो असला. समोरच्यानं इतके सेकंद लावलेत, काय करू मामा? मामा म्हणाले, ‘फोनवर न्हाई कळत रं. हात लागतो. कदी येतोस?’ मी म्हणालो, येतो रविवारी. त्या रविवारी मामा सकाळी जेवणाच्या आधीच सोनईच्या स्टँडवर जाऊन बसले आणि शेवटची गाडी गेल्यावर उठले. हे मला त्यांच्या शेजारच्या हौसाबाईनं सांगितलं, फार नंतर. मी गेलोच नव्हतो. विसरलो असतो तरी बरं. मला आठवत होतं.

मग कायदा आला, तो खेळच बंद झाला. ॲप उघडलं की नुसता पांढरा पडदा. कंपनीनं गाशा गुंडाळला, माझा व्हिडिओही गेला. म्हणजे बघा — नियम गेला, बक्षीस केव्हाच संपलं होतं, फ्लेक्स फाटला होता. आता खरं बोलायला काही अडचण राहिली होती का? सोनई इथून स्कूटरवर किती लांब आहे? मी म्हणायचो, सणाला जाऊ. पुढच्या महिन्यात जाऊ. तो टॉवेल मी कपाटात घडी करून ठेवला होता आणि कधी कधी दार लावून काढायचो. घामाचा आणि तंबाखूचा वास होता त्याला, तो पण जायला लागला होता.

हौसाबाईचा फोन आला तेव्हा मामा जाऊन दोन तास झाले होते. झोपेतच गेले.

सोनईच्या चर्चमध्ये दफनाच्या आधी पाळकसाहेबांनी विचारलं, आप्तांपैकी कुणी दोन शब्द बोलेल का? आप्त म्हणजे मीच. मी उभा राहिलो. अख्खं गाव होतं, घोडेगावच्या बाजारातले म्हातारे दलाल आले होते. मी बोललो. मामांनी कधी खोटा सौदा केला नाही म्हणालो, जनावराची त्यांना फार पारख होती म्हणालो. जनावराची. आणि खाली बसलो. तुम्हाला वाटतं, मी घाबरलो? नाही. तिथं घाबरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मला फक्त, जो काही थोडासा हुशार मी उरलो होतो, तो सोडवेना.

शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी पुढं झालो. टॉवेल मी बरोबर आणला होता. मामांचे हात छातीवर ठेवलेले होते, त्यांवर तो पसरला. मग त्याखाली माझा डावा हात घातला आणि त्यांचा पंजा आवळला. सगळा. खरं बोलतोय, ही खूण. गठ्ठे तसेच होते, फक्त थंड. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. शीलानं येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. मागून हौसाबाई बायकांना सांगत होती, ‘पोटच्या पोरावानी जीव हुता गं भाच्याचा. बगा, हात सोडत न्हाई.’ बायका रडायला लागल्या, म्हातारे दलाल डोळे पुसत माझ्याकडं मोठ्या मायेनं बघायला लागले.

तेही मी तसंच राहू दिलं.